तळ्याकाठी न मारलेली हाक

त्या दुपारी लाय युनशानच्या कानात एक अनोळखी बाई आपल्या गावाबद्दल बोलत होती. तालुक्याच्या भाषा-परीक्षा केंद्रात त्याचे कामच ते होते. हेडफोन लावून बसायचे, परीक्षार्थींनी यंत्रासमोर केलेली तीन मिनिटांची भाषणे ऐकायची आणि जिथे जीभ प्रमाणभाषेची वाट सोडून घरच्या बोलीकडे वळेल, तिथे कागदावर पेन्सिलीने बारीक रेघ ओढायची. ती बाई कुठल्याशा बालवाडीत शिक्षिका होऊ पाहत होती. गावच्या चहाच्या मळ्याबद्दल सांगता सांगता तिचा गळा भरून आला, आणि भरल्या गळ्याने माणसे बोलतात तशी ती बोलीत घसरली. युनशानने चार रेघा ओढल्या. रेघा ओढताना त्याला नेहमीच वाईट वाटे. पण गुणपत्रिकेत त्या वाटण्यासाठी रकाना नव्हता.

हेडफोन काढले तेव्हा खणातला फोन सात वेळा वाजून गप्प झालेला दिसला. सातही वेळा छियू काकांनी लावलेला. छियू काका घराशेजारी बदके पाळत, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला विनाकारण फोन केला नव्हता.

"पोरगी तळ्यात पडली हुती," काका म्हणाले. "काढलीया भाईर. जित्ती हाय. तू ये."

गाव डोंगरापलीकडे होते. चाळीस मिनिटांच्या त्या वाटेवर स्कूटर चालवताना त्याने काय काय पाहिले ते त्याला पुढे कधीच आठवले नाही. आठवे ते एवढेच, की 'जित्ती हाय' हे दोन शब्द तो मनाशी घोकत होता, आणि ते काकांच्याच बोलीत घोकत होता.

घरासमोरचे अर्धचंद्राकार तळे अगदी शांत होते. दुपारच्या उन्हात त्यावर बदकांची पिसे तरंगत होती आणि काठची लाकडी फळी, जिच्यावर बसून बायका भाजी धूत, मधोमध मोडून पाण्यात लोंबत होती. आत रोंगरोंग कोरड्या रजईत होती. पाच वर्षांची त्याची एकुलती मुलगी. केस ओले, ओठ रंगावर आलेले, डोळे टक्क उघडे. त्याने हाक मारली, तिने पाहिले. त्याने विचारले, दुखतं का? ती पाहतच राहिली. कोपऱ्यात त्याची आई लानमेइ उभी होती. तिचे कपडे छातीपर्यंत भिजलेले होते आणि ते बदलायचे तिला सुचले नव्हते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला, डोळ्यांत प्रकाश टाकला. सगळे ठीक आहे, म्हणाले. घाबरली आहे, उद्या बोलेल.

उद्या ती बोलली नाही. परवाही नाही. भात भरवला तर खाई, हात धरला तर चाले, पण तोंडातून एक अक्षर निघेना. जी मुलगी सकाळी उठल्यापासून बातम्या देणाऱ्या बाईसारखी स्वच्छ, घोटीव प्रमाणभाषेत बोले, जिचे बोलणे तालुक्याचे अधिकारी फोनवर टिपून घेऊन गेले होते, ती आता भिंतीकडे तोंड करून बसे. त्याच भिंतीवर बाहेरच्या बाजूने तालुक्याने दिलेली पितळी पाटी होती: 'आदर्श भाषा-कुटुंब'. त्याखाली लाल अक्षरांत, 'कृपया प्रमाणभाषेत बोला'.

तिसऱ्या दिवशी बिश्केकहून चिंगवनचा फोन आला. चिंगवन म्हणजे युनशानची बायको. सरकारने तिकडे उघडलेल्या भाषा-केंद्रात प्रमाण चिनी शिकवायला जाऊन तिला दीड वर्ष झाले होते, आणि अजून सहा महिने तिला हलता येणार नव्हते. त्याने सर्व सांगितले तेव्हा तिने फोनचा पडदा रोंगरोंगकडे वळवायला सांगितला. मग काहीतरी करायलाच हवे म्हणून तिने वर्गातल्या मुलींना बोलावले. पाच-सहा किरगिझ मुली कॅमेऱ्यासमोर दाटीवाटीने उभ्या राहिल्या आणि एका सुरात, फार सुंदर उच्चारांत म्हणाल्या, "रोंगरोंग, तू कशी आहेस? आम्हाला तुझी खूप आठवण येते."

रोंगरोंगने त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केले. युनशानने फोन बंद करताना वर पाहिले, तर दाराशी आई उभी होती. त्या परक्या मुलींचे बोलणे ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला त्याने तेव्हा नुसते कुतूहल समजून सोडून दिले.

चौथ्या दिवशी सकाळी तो छियू काकांचे आभार मानायला तांदळाच्या दारूची बाटली घेऊन गेला. काका बदकांना कोंडा घालत होते. त्यांनी बाटली ठेवून घेतली, थोडे घुटमळले आणि म्हणाले, की तुझ्या आईलाही एकदा डॉक्टरला दाखव. युनशानने कारण विचारले.

"आरं, मी पलीकडच्या काठाला हुतो. पोर फळीवर चढली ते लानमेइवैनीनं बगितलं. चांगलं धा पावलांवर हुती की ती. तोंड उघडून हुबी. आवाजच न्हाई. मला वाटलं, वाऱ्याचा झटका आला म्हातारीला. पोर बुडाली तवा पळाली, पन तवर तोंड तसंच उघडं. मी पान्यात उतरलो तरी तसंच."

"घाबरली असेल," युनशान म्हणाला.

"लानमेइवैनी?" काका हसले. "पुराच्या साली डुकरं वाहून चालली हुती, तवा तिच्या वरडन्यानं पलीकडचं गाव जागं झालं हुतं. तू तवा पाळन्यात हुतास. तिच्या वरडन्यापायी तू पन वाचलास."

तो घरी आला. रोंगरोंग आतल्या खोलीत झोपली होती. आई स्वयंपाकघरात मोहरीची पाने मीठ लावून मडक्यात दाबत होती. वर्षाची तरतूद. ती मूठ आवळून पाने खाली दाबी, मग वर मीठ भुरभुरवी, मग पुन्हा पाने. त्याने विचारले ते हळूच विचारले, कारण त्याला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटत होती.

"आई, तू तिला पाहिलं होतंस?"

ती थांबली नाही. "बगितलं."

"मग?"

"फळी कुजल्याली हे मला ठावं हुतं. मी तोंड उघडलं." तिने एक पान उचलले, उलटसुलट पाहिले, बाजूला ठेवले. "आन् मग तुमचा शबुद हुडकत बसले."

त्याला कळले नाही. ती त्याच शांत आवाजात सांगत राहिली. जणू काल बाजारात काय भावाने काय मिळाले ते सांगत होती.

"'हुबी ऱ्हा'ला तुमच्यात काय म्हनत्यात, त्यो. टीव्हीवरचे समदे आठवले बग. 'नमस्कार' आठवला. 'धन्यवाद' आठवला. 'पुन्हा या' आठवला. त्योच तेवढा आठवंना. मी म्हनलं, येतोय, येतोय. तवर ती पान्यात."

युनशानने चुलीच्या कट्ट्याला धरले. आपल्या पायाखालचे काहीतरी आवाज न करता मोडले आणि आपण अजून पडलो कसे नाही, असे त्याला वाटले.

"आपल्या बोलीत ओरडायचंस," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते जवळजवळ पुटपुटल्यासारखे आले. "काहीही ओरडायचंस."

आईने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. त्याने विचारलेल्या गोष्टीचे तिला नवल वाटले होते.

"तूच म्हनलास न्हवं, तिच्यासमोर आपली बोली तोंडातनं काडायची न्हाई. मी इचारलं, मग मी काय बोलू? तर म्हनलास, येत असंल तेवडं शुद्ध बोल. न्हाई आलं तर गप ऱ्हा."

त्याला ते आठवले नाही. मग आठवले. दीड वर्षापूर्वीची एक सकाळ होती. चिंगवन परदेशी गेल्यावर तो मुलीला घेऊन तालुक्याहून गावी राहायला आला होता, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची. तो कामावर निघाला होता, वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि वाकलेल्या अवस्थेतच त्याने ते वाक्य उच्चारले होते. नाडी बांधून झाली, तो निघून गेला. ते वाक्य मात्र घरात राहिले, आणि त्याच्या आईने ते दीड वर्ष पाळले.

असे का म्हणालो, हे त्याला चांगले ठाऊक होते. अठराव्या वर्षी प्रांताच्या शहरात शिक्षकी शिकायला गेला, तेव्हा पहिल्याच दिवशी उभे राहून त्याने आपले नाव सांगितले आणि अख्खा वर्ग हसला होता. कोणीतरी म्हणाले होते, याच्या तोंडात अजून घरचा भात आहे, आधी गिळू द्या. त्यानंतर चार वर्षे तो फारसे बोललाच नाही. पहाटे वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन वर्तमानपत्र मोठ्याने वाची, स्वतःचे शब्द स्वतःच पकडी, स्वतःला पुन्हा म्हणायला लावी. असा तो घडला, आणि ज्या दारात त्याला हसले गेले होते त्याच दारावर पहारेकरी म्हणून बसला. आपल्या मुलीने कुठल्याही वर्गात उभे राहून नाव सांगितले तर कोणी हसू नये, एवढेच त्याला हवे होते. यात कोणाचा आवाज जाईल, हे त्याच्या मनातही आले नव्हते.

आता एकेक गोष्ट त्याच्यासमोर येऊन उभी राहू लागली. सुरुवातीला आई 'खा', 'झोप' असे चार-दोन शब्द प्रमाणभाषेत म्हणे. रोंगरोंग हसे, तो हसत हसत चूक दुरुस्त करी. मग ते शब्दही थांबले. मग आई जेवायची वेळ झाली की कढईच्या झाकणावर पळी वाजवू लागली. एकदा वाजली की जेवण, दोनदा वाजली की अंघोळ. मुलगी धावत येई. त्याला तो दोघींचा खेळ वाटला होता, कौतुकाने त्याने त्याचा व्हिडिओही चिंगवनला पाठवला होता. घर किती शांत असतं आता, असे तो एकदा आईला म्हणालाही होता. त्या दिवशी तळ्याकाठी तिच्या हातात पळी नव्हती, एवढाच काय तो फरक.

तो खाली बसला. आईने उरलेली पाने मडक्यात दाबली.

शेवटी आईच म्हणाली, की भ्यालेल्या मुलीला हाक घालायला हवी. गावात सगळे करतात. मूल कशाने दचकले, धसकले, की त्याचा जीव तिथेच अडकून राहतो आणि अंग तेवढे घरी येते. मग दिवस मावळताना त्या जागी जायचे, मुलाच्या सदऱ्यात मूठभर तांदूळ बांधून छातीशी धरायचे, आणि नाव घेऊन हाका मारत घरापर्यंत यायचे. दारात मुलाला घेऊन कोणीतरी बसलेले असते. त्याने शेवटच्या हाकेला 'आली, घरला आली' म्हणून ओ द्यायची. ओ मिळाल्याखेरीज हाक मारणाऱ्याला उंबरा ओलांडता येत नाही. युनशानसाठी लहानपणी तिने तीनदा अशी हाक घातली होती. पुढे त्याने या गोष्टी सोडून दिल्या. पण आज तो सोडून देण्याच्या स्थितीत नव्हता.

"पहिल्याच दिवशी का नाही घातलीस?" त्याने विचारले.

"कशात घालू?" ती म्हणाली. "ज्या आवाजानं तिला कदी बोलावलंच न्हाई, त्या आवाजाला तिचा जीव वळखंल व्हय? मला तुमच्यात शिकव. त्या परमुलखातल्या पोरी किती छान बोलल्या. त्यास्नी येतं, मला का न्हाई येनार? एकच वाक्य शिकव."

त्याने शिकवले. दुसरे काय करता येण्यासारखे होते, हे त्याला समजले नाही. वाक्य साधे होते: रोंगरोंग, घाबरू नकोस, घरी ये. आईने हात पुसले, स्टुलावर ताठ बसली, शाळेत कधीही न गेलेल्या माणसाच्या आदराने. मग म्हणाली, त्यात 'कृपया' घाल. पाटीवर हाय म्हनं त्यो शबुद. जिवाला हुकूम करून चालत न्हाई.

"रोंगरोंग, घाबरू नकोस. कृपया घरी ये," तो म्हणाला.

ती म्हणाली. शब्द तिच्या तोंडात दगडांसारखे एकमेकांवर आपटले.

"पुन्हा. जरा मोठ्याने."

ती पुन्हा म्हणाली.

"पुन्हा. जरा मोठ्याने. शेवट वर नेऊ नकोस."

ती घामाघूम झाली. सातव्या की आठव्या खेपेला ती त्याच्याकडे पाहून ओशाळून हसली आणि म्हणाली, "नापास करू नगंस रं बाबा." त्यानेही हसून खाली पाहिले, आणि त्याचे हसू गोठले. त्याच्या हातात पेन्सिल होती. ती कधी उचलली ते त्याला माहीत नव्हते. समोर मिठाच्या पुड्याचा कागद होता, आणि त्यावर एकाखाली एक, बारीक, सरळ अशा अकरा रेघा होत्या.

त्याने कागद मुठीत चुरगळला. आईने पाहिले की नाही, ते त्याला कळले नाही.

ऊन डोंगराआड गेले तेव्हा आई रोंगरोंगचा लाल सदरा आणि उदबत्ती घेऊन तळ्याकडे गेली. तो मुलीला मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या आत बसला. छियू काकांनी बदके लवकर आत घेतली होती आणि ते आपल्या दारात टोपी काढून उभे होते. पाण्यावर उजेड उरला होता, झाडांवर नव्हता. मोडक्या फळीपाशी आईची आकृती लहान दिसत होती. तिने उदबत्ती मातीत खोचली, सदरा छातीशी धरला.

"रोंगरोंग," ती म्हणाली. "घाबरू नकोस."

परीक्षकासमोर उभे राहिल्यासारखा तो आवाज होता, बारीक, दबलेला. पुढचा शब्द आला नाही. तिने तोंड उघडे ठेवले. युनशानला दारातून दिसले, की ती शोधते आहे. चार दिवसांपूर्वी ती अशीच उभी असणार, याच जागी, असेच तोंड उघडून. जे काकांनी पाहिले होते ते आता तो पाहत होता. त्याला ओरडून शब्द सुचवावासा वाटला, 'कृपया', आणि त्या इच्छेचीच त्याला इतकी शिसारी आली की त्याने ओठ दातांखाली धरले.

आणि मग त्या लहानशा आकृतीतून आवाज फुटला.

"रोंगरोंग गंऽऽ! भिऊ नगं माजे बाये! पान्यात ऱ्हाऊ नगं, वाटंत ऱ्हाऊ नगं! घरला येऽऽ! चुलीपाशी ये, आज्जीपाशी येऽऽ!"

डोंगराने तो आवाज घेतला आणि परत केला. काकांची कोंडलेली बदके एकदम कालवा करून उठली. युनशानला तो आवाज पाठीच्या कण्यात लागला. तीस वर्षांपूर्वीचा, त्याला तीनदा परत आणणारा, तोच. आपण तो विसरलो आहोत, असे त्याला इतकी वर्षे प्रामाणिकपणे वाटत आले होते. आई चालू लागली होती, प्रत्येक पावलाला हाक, प्रत्येक हाक आधीच्या हाकेहून मोठी, जणू दीड वर्षाचे सारे न बोललेले त्या एका नावात भरून ती घराकडे आणत होती.

मांडीवरचे अंग दचकले. रोंगरोंगने मान वर केली. तिने अंगणाकडे पाहिले, मग बापाकडे, मग पुन्हा अंगणाकडे. तिचे ओठ हलले.

"बाबा," ती म्हणाली. स्वच्छ, घोटीव प्रमाणभाषेत, अगदी हळू. "आजीला बोलता येतं?"

त्याने तिला घट्ट धरले. ती बोलली होती. ज्याच्यासाठी चार दिवस त्याचा जीव टांगणीला लागला होता, ते झाले होते. आणि ते झाल्याचा आनंद त्या प्रश्नाच्या खाली चिरडून गेला होता. दीड वर्ष एका घरात, एका ताटात, एका रजईत ही मुलगी जिच्याजवळ राहिली, ती आजी मुकी आहे असे ती समजत होती. सुरुवातीचे ते 'खा', 'झोप' ती केव्हाच विसरली होती, आणि आजीच्या मुकेपणात तिला काही विशेष वाटले नव्हते. काही माणसे मुकी असतात.

आई अंगण ओलांडून उंबऱ्यापाशी येऊन थांबली. सदरा छातीशी, केस सुटलेले, श्वास वरखाली. शेवटची हाक देऊन झाली होती. आता ओ हवी होती.

युनशानने तोंड उघडले. 'आली, घरला आली.' तीनच शब्द, लहानपणी तीनदा आपल्या बापाच्या तोंडून 'आला, घरला आला' असे ऐकलेले. ते आले नाहीत. त्यांच्या जागी परीक्षेतले, पाटीवरचे, बातम्यांतले सगळे गुळगुळीत शब्द आले आणि त्याने ते एकेक बाजूला सारले. तो शोधत होता. येतायत, येतायत, असे त्याला वाटत होते. उंबऱ्याबाहेर आई वाट पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते, की तो काय करतो आहे हे या जगात फक्त तिलाच ठाऊक आहे.

"बाबा, आजी थांबली आहे," रोंगरोंग म्हणाली.

"आली," तो म्हणाला. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "घरला... आली."

आईने लगेच पाय उचलला नाही. तिने नातीकडे पाहिले, मग मुलाकडे, आणि तिच्या डोळ्यांच्या कडा किंचित आवळल्या.

"पुन्हा म्हन," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."